ब्रेड मेकर, माळव्याचा गहू आणि जड ब्रेडचा प्रश्न

आमच्या स्वयंपाकघरातल्या ब्रेड मेकरने इंदूरचा उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू पाहिले आहेत, त्यामुळे त्याच्याविषयी आता ठामपणे लिहिता येईल असे वाटते. निकाल आधीच सांगून टाकते. मशीन चांगले आहे, त्याच्यासोबत येणारी पाककृतींची पुस्तिका आपल्या फारशी उपयोगाची नाही, आणि घरोघरी या मशिनमधून जो जड, गच्च, बोटाने दाबला तर पुन्हा वर न येणारा ब्रेड निघतो, त्याचे कारण बहुतेक वेळा पिठाच्या डब्यात असते. ओळखीच्या काही घरांत असे मशीन माळ्यावर गेले आहे. तेथे पीठ आणि पाणी बदलून पाहिले असते तर ते ओट्यावरच राहिले असते, असे मला मनापासून वाटते. म्हणून हे परीक्षण मशिनचे जितके आहे तितकेच त्यात आपण काय घालतो याचेही आहे.

आमचे मशीन मध्यम आकाराचे, एका पात्याचे आणि सुमारे ६०० वॅटचे आहे. त्यात ५००, ७५० आणि १००० ग्रॅम असे तीन आकार निवडता येतात, आणि साधा ब्रेड, गव्हाचा ब्रेड, झटपट ब्रेड, नुसती कणीक आणि नुसते भाजणे असे कार्यक्रम आहेत. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या आकाराची मशिने आतून जवळजवळ सारखीच असतात आणि पुस्तिकेविषयी माझी जी तक्रार आहे ती एकाच कंपनीपुरती नाही.

घरगुती ब्रेड मेकर मुळात जपानमधला. ओसाकाच्या मात्सुशिता इलेक्ट्रिकने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, १९८७ साली असे पूर्ण स्वयंचलित मशीन बाजारात आणले. ते घडवताना सुरुवातीच्या नमुन्यांतून निघणारा ब्रेड बाहेरून करपलेला आणि आतून कच्चा राहत होता. तेव्हा कंपनीतल्या सॉफ्टवेअर विभागातल्या इकुको तानाका ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली कणीक मळायला शिकल्या. तो बेकर कणीक मळताना तिला एका विशिष्ट तऱ्हेने पिळून ताणतो हे त्यांनी हेरले, आणि त्या ताणाची नक्कल करण्यासाठी यंत्राच्या आत खास उंचवटे दिले गेले. आजही आपल्या भांड्याच्या आतल्या भिंतीवर हात फिरवला तर उभा फुगवटा लागतो. पाते फिरताना कणकेचा गोळा त्या फुगवट्याला अडतो, मागून पाते त्याला ओढते, आणि त्या ओढाताणीत कणीक ताणली जाते. एवढ्या लहान भांड्यात, मिनिटाला ठरावीक वेळा फिरणाऱ्या एका पात्याकडून हे काम इतके नीट होते याचे मला अजूनही कौतुक वाटते.

मात्र ताणण्याचा उपयोग ताणल्या जाणाऱ्या कणकेलाच होतो. गव्हाच्या पिठात पाणी पडले की ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिने मिळून ग्लुटेनचे जाळे तयार होते. यीस्ट पिठातली साखर खाऊन कर्बवायू सोडते, आणि तो वायू या जाळ्याच्या पापुद्र्यांत अडकून ब्रेड फुगतो. जाळे कमकुवत असेल किंवा तयारच झाले नसेल तर वायू निसटतो. यीस्ट कितीही ताजे असले तरी त्याचा उपयोग होत नाही. पुस्तिकेतल्या पाककृती परदेशी ‘ब्रेड फ्लोअर’ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात, ज्यात प्रथिने १२ ते १४ टक्के असतात. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणाऱ्या मैद्याच्या पुडीवर हा आकडा बहुधा १० च्या आसपास दिसतो, आणि घरच्या चक्कीच्या पिठात प्रथिने पुरेशी असली तरी त्यांच्यासोबत कोंडाही असतो. मशिनने आपले काम चोख केले, तरी त्याला मिळालेले पीठ पुस्तिकेतले नसते.

येथे माळव्याचा विषय येतो, आणि तो जरा सविस्तर सांगायला हवा, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला ही अडचण इतक्या प्रमाणात येत नसावी. इंदूरच्या मराठी घरांत अजूनही मार्च-एप्रिलमध्ये छावणीच्या मंडीतून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचा गहू भरण्याची पद्धत आहे. त्यात पोळ्यांसाठी लोकवन किंवा सीहोर-विदिशेकडचा शरबती असतो, आणि बाफले (कणकेचे उकडून मग भाजलेले गोळे), लाडू व दलियासाठी कठिया, म्हणजे ड्युरम गहू असतो, ज्याला येथे मालवी गहू असेही म्हणतात. भारतीय कृषी संशोधन संस्थेचे गहू संशोधन केंद्र इंदुरातच आहे, आणि मालवशक्ती, पोषण यांसारख्या कठियाच्या सुधारित जाती त्याच केंद्राने दिल्या. कठियाचा दाणा मोठा, कडक, मधासारख्या रंगाचा. दातांखाली फोडला तर आत पांढरे पीठ दिसण्याऐवजी काचेसारखा अर्धपारदर्शक तुकडा दिसतो. दिसायला इतका देखणा गहू क्वचितच पाहायला मिळतो, आणि त्याचे बाफले तर अप्रतिम होतात.

ब्रेडसाठी मात्र तो चालत नाही, आणि त्यामागे ठोस कारण आहे. लोकवन व शरबती हे ज्या प्रजातीचे आहेत तिच्या पेशीत ४२ गुणसूत्रे असतात. कठिया ही वेगळी प्रजाती असून तिच्यात २८ असतात. जी १४ गुणसूत्रे कठियात नाहीत, त्यांच्यावरच ग्लुटेनला लवचीकपणा देणाऱ्या काही महत्त्वाच्या ग्लुटेनिन प्रथिनांची जनुके असतात. त्यामुळे कठियात प्रथिने भरपूर असतात, कित्येकदा मैद्यापेक्षा जास्त असतात, पण त्यांचे ग्लुटेन ताणल्यावर परत येत नाही. ब्रेड फुगण्यासाठी जाळ्याने वायूबरोबर ताणले जाणे आणि तो धरून ठेवणे, या दोन्ही गोष्टी लागतात. म्हणून पाकिटावरच्या प्रथिनांच्या आकड्याने येथे फसगत होते. ‘आमच्या गव्हात इतके प्रोटीन आहे, मग ब्रेड का फुगत नाही?’ असे शेजारच्या वहिनींनी एकदा विचारले होते, आणि त्यांच्या डब्यात बाफल्यांसाठी दळून आणलेले जाडसर पीठ होते.

ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचे असेल त्यांनी एक साधी परीक्षा अवश्य करावी. मैदा, पोळीचे पीठ आणि बाफल्यांचे पीठ यांचे सारख्या वजनाचे तीन घट्ट गोळे मळून अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावेत. मग प्रत्येक गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली, खाली चाळणी धरून, बोटांनी हलके दाबत धुवावा. पाणी आधी दुधासारखे पांढरे जाते, तो सगळा स्टार्च असतो. पाणी निवळले की हातात उरते ते ग्लुटेन. मैद्याचा गोळा आक्रसून फिकट पिवळसर, गुळगुळीत होतो, आणि दोन्ही हातांनी ओढला तर लांब होऊन सोडताच पुन्हा आखडतो. पोळीच्या पिठाचा गोळा कोंड्याच्या तपकिरी ठिपक्यांनी भरलेला असतो. तो ओढला की आधी ताणतो आणि मग नेमका एखाद्या ठिपक्यापाशी तुटतो. कठियाचा गोळा धुताना हाताला विरविरीत लागतो, त्याचे तुकडे चाळणीत पडत राहतात, आणि जे उरते ते ओढल्यावर ओढलेलेच राहते. मशिनच्या बंद झाकणाखाली काय घडत असते, हे या तीन गोळ्यांकडे पाहून जितके कळते तितके कोणत्याही पुस्तिकेतून कळत नाही.

पोळीचे पीठ नेमके कोंड्यापाशी तुटते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. कोंड्याच्या कणांच्या कडा धारदार असतात आणि त्या जाळ्याचे तंतू तोडतात. शिवाय कोंडा पाणी सावकाश पितो. मळताना सैल वाटलेली कणीक अर्ध्या तासाने घट्ट होते, आणि फुगण्याच्या वेळी ती फुगूच शकत नाही. चक्कीच्या दगडांच्या दाबाने स्टार्चचे कणही बऱ्याच प्रमाणात फुटतात, आणि फुटलेला स्टार्च अखंड स्टार्चपेक्षा कितीतरी जास्त पाणी शोषतो. पोळीसाठी हे सारे गुणच आहेत, कारण त्यामुळे पोळी मऊ राहते. ब्रेडमध्ये मात्र पुस्तिकेतल्या मापाने पाणी घातले तर कणीक कोरडी पडते. मैद्याला वजनाच्या ६० ते ६५ टक्के पाणी पुरते. चक्कीच्या पिठाला ७५ ते ८० टक्के लागते. माझ्या अनुभवात गव्हाचा ब्रेड गच्च होण्याचे सर्वांत मोठे कारण हा पाण्यातला फरक आहे, यीस्टचा क्रमांक त्याच्यानंतर लागतो.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही मशिनमध्ये सहज करता येतात. पहिला म्हणजे पीठ आणि पाणी मशिनमध्ये घालून दोन-तीन मिनिटे फिरवावे, मशीन बंद करावे, अर्धा तास तसेच राहू द्यावे, आणि मग यीस्ट व मीठ घालून कार्यक्रम पहिल्यापासून सुरू करावा. तेवढ्या वेळात कोंडा आपले पाणी पिऊन घेतो आणि न मळताही ग्लुटेनचे जाळे बांधले जाऊ लागते. दुसरा म्हणजे पीठ मैद्याच्या बारीक चाळणीने चाळावे, वर राहिलेला कोंडा थोड्या गरम पाण्यात भिजवावा, आणि सुकामेवा घालण्यासाठी मशीन जेव्हा शिट्टी देते तेव्हा तो आत टाकावा. कोंड्याचा एक कणही वाया जात नाही आणि जाळे तोवर बऱ्यापैकी तयार झालेले असते. तिसरा उपाय म्हणजे कोरडे ग्लुटेन. त्यात ७५ ते ८० टक्के प्रथिने असतात आणि ४०० ग्रॅम चक्कीच्या पिठाला २० ग्रॅम पुरे होते. ते सहसा ऑनलाइन मागवावे लागते आणि स्वस्त नाही. मैदा मिसळणाऱ्या घरांना त्याची गरज नाही, पण ज्यांना मैदा मुळीच नको आहे त्यांनी त्यासाठी पैसे मोजावेत असे माझे मत आहे.

आता पुस्तिकेतल्या मापांविषयी, कारण तेथे माझी खरी तक्रार आहे. सगळी मापे कपांत दिलेली आहेत. कपात पीठ चमच्याने हलके भरले आणि कप डब्यात बुडवून दाबून भरला, यांत सहज २० ते ३० ग्रॅमचा फरक पडतो. तीन कपांत तो ७०-८० ग्रॅमवर जातो, आणि तेवढ्या जास्तीच्या पिठाने कोणतीही कणीक कोरडी होते. वजनकाट्याशिवाय ब्रेड मेकर घेऊच नये, असे मी स्पष्ट सांगेन. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरतो. भांडे बाहेर काढून काट्यावर ठेवावे, शून्य करावे, आणि एकेक जिन्नस त्यातच मोजत जावे.

काटा असला तरी शेवटचा निर्णय डोळ्यांनीच घ्यावा लागतो, कारण ओल्या दिवसांत पिठात ओलावा अधिक असतो आणि एप्रिल-मेमध्ये तेच पीठ कोरडेठाक झालेले असते. मळणे सुरू झाल्यावर साधारण सहा-सात मिनिटांनी झाकण उघडून पाहावे. मशीन चालू असताना झाकण उघडता येत नाही असा समज आहे, तो चुकीचा आहे. मळताना खुशाल उघडावे, फक्त शेवटच्या फुगण्याच्या आणि भाजण्याच्या वेळी उघडू नये. गोळा एकसंध असावा, भिंतीला टेकून सुटावा, तळाशी किंचित चिकटलेला दिसावा. बोट लावले तर पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि पुरणपोळीच्या कणकेच्या जवळपास वाटावा. गोळा खडबडीत असेल, पात्याबरोबर नुसता आपटत असेल किंवा कोपऱ्यात कोरडे पीठ उरले असेल तर चमचाभर पाणी घालावे, दोन मिनिटे थांबावे, पुन्हा पाहावे. गोळा धरतच नसेल, सारवल्यासारखे पसरले असेल तर चमचाभर पीठ घालावे. चक्कीचे पीठ असेल तर या टप्प्याला गोळा थोडा चिकट राहू द्यावा, तो पुढे आपोआप घट्ट होतो. ही सहा-सात मिनिटे दिली तर उरलेले तीन तास मशिनकडे पाहण्याची गरज नसते.

यीस्टबाबत दोनच गोष्टी सांगते. बाजारात बारीक दाण्यांचे इन्स्टंट यीस्ट आणि मोठ्या गोल दाण्यांचे ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट अशी दोन्ही मिळतात, आणि सुट्या पिशवीत विकले जाणारे बहुधा दुसरे असते. ते कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवल्याशिवाय मशिनमध्ये टाकू नये. दुसरी गोष्ट साठवणुकीची. उघडलेले पाकीट हवाबंद बाटलीत घालून फ्रीजमध्येच ठेवावे. इंदूरच्या उन्हाळ्यात फडताळात राहिलेले यीस्ट मरते. शंका असेल तर अर्धी वाटी कोमट पाणी, चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट एकत्र करून ठेवावे. दहा मिनिटांत वर जाड फेस आला नाही तर ते टाकून द्यावे. पाणी कोमट म्हणजे बोटाला जेमतेम ऊब जाणवेल इतकेच. ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरते.

हवामान हा या मशिनचा दुबळा भाग आहे. त्याचे वेळापत्रक ठरलेले आहे, आणि कणीक मात्र हवेप्रमाणे वागते. कणकेचे तापमान २६-२७ अंशांच्या जवळ असेल तर मशिनच्या वेळा बरोबर जुळतात. येथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, गच्चीवरच्या टाकीतले पाणी नळातून गरमच येते, आणि मळताना घर्षणाने कणीक आणखी तापते. अशा वेळी ती फार लवकर फुगते, जाळे ताणाच्या पलीकडे जाते आणि भाजताना ब्रेड मधोमध खचतो. खचलेल्या भागाखालचा थर दाबला जाऊन गच्च होतो. जानेवारीत उलट घडते. रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरलेला असतो, ओटा गार, पीठ गार, आणि भाजण्याची वेळ होते तेव्हा कणीक अजून अर्धीच फुगलेली असते. मशीन फुगण्याच्या वेळी हलकी ऊब देते खरे, पण ती गार कणकेला पुरत नाही. उन्हाळ्यात फ्रीजचे पाणी आणि यीस्ट चतुर्थांशाने कमी, हिवाळ्यात कोमट पाणी आणि पीठ आदल्या रात्रीपासून घरात उबदार जागी, एवढ्याने बहुतांश काम भागते. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे म्हणून ब्रेड बिघडतो असे काहीजण सांगतात; तेवढ्या उंचीने लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही.

कार्यक्रमांपैकी झटपट ब्रेड मला मुळीच पसंत नाही. त्यात फुगण्याचा वेळ इतका छाटलेला आहे की चांगल्या पिठाचाही ब्रेड घट्टच निघतो, आणि चक्कीच्या पिठासाठी तर तो वापरूच नये. साध्या ब्रेडचा कार्यक्रम तीन तासांचा आणि गव्हाचा तीन तास चाळीस मिनिटांचा आहे; अर्धेअधिक पीठ चक्कीचे असेल तर दुसराच निवडावा. रात्री जिन्नस भरून सकाळी गरम ब्रेड मिळावा म्हणून वेळ लावण्याची सोय आहे आणि ती उत्तम चालते, फक्त यीस्ट कोरड्या पिठाच्या वर खळगा करून ठेवावे आणि मीठ तळाशी पाण्यात असावे. दूध घालून वेळ लावायची असेल तर हिवाळ्यातच लावावी. आपल्याकडे दूध तापवूनच वापरतात, हे ब्रेडच्या दृष्टीने फार चांगले आहे, कारण कच्च्या दुधातली काही प्रथिने ग्लुटेनला सैल करतात आणि दूध उकळले की त्यांचा तो परिणाम जातो. वीज गेली तर आमचे मशीन दहा मिनिटांपर्यंत आपली जागा लक्षात ठेवते. त्याहून जास्त वेळ गेली आणि कणीक मळून झालेली असेल, तर ती फुगू द्यावी व वीज आल्यावर नुसत्या भाजण्याच्या कार्यक्रमावर एक तास ठेवावी.

ब्रेड जड झालाच तर तो फेकण्याआधी मधोमध कापून पाहावा, कारण त्याचा काप कारण सांगतो. वरचा पृष्ठभाग खडबडीत, ब्रेड बुटका आणि भोके सगळीकडे सारखी बारीक असतील तर पाणी कमी पडले आहे. ब्रेड बुटका पण वरून गुळगुळीत आणि फिकट असेल तर यीस्ट मेलेले किंवा कणीक गार होती. वर खळगा, वरच्या भागात मोठी भोके आणि तळाशी चिकट पट्टा दिसला तर पाणी जास्त झाले किंवा कणीक जास्त फुगली; मीठ विसरले तरी असेच होते, कारण मीठ यीस्टला आवरून धरते आणि ग्लुटेनला घट्टपणा देते. भोके ठीक आहेत पण सुरीला ओलसर गर चिकटतो, असे असेल तर बहुधा ब्रेड गरम असतानाच कापला आहे. भांड्यातून काढल्यावर तो जाळीवर निदान एक तास राहू द्यावा. त्या वेळात आतली वाफ बाहेर पडते आणि स्टार्च स्थिरावतो. आमच्या सासूबाईंना गरम काप हवा असतो, तेव्हा त्यांच्यासाठी निवलेला काप तव्यावर तूप लावून शेकते.

ज्या प्रमाणावर आमच्या घरी शेवटी सगळ्यांचे एकमत झाले ते येथे देते, कारण पुस्तिकेऐवजी कोणाला तरी ते वापरता येईल. लोकवनाचे बारीक दळलेले पीठ १५० ग्रॅम, मैदा २५० ग्रॅम, पाणी २७० ग्रॅम, तेल २० ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम. याचा ७५० ग्रॅमच्या आकारावर उंच, मऊ, पोळीच्या पिठाची चव असलेला ब्रेड होतो आणि तो दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. पूर्ण चक्कीच्या पिठाचा हवा असेल तर पीठ ४०० ग्रॅम, कोरडे ग्लुटेन २० ग्रॅम, पाणी ३१५ ते ३२० ग्रॅम, यीस्ट ५ ग्रॅम, बाकी तसेच, आणि सुरुवातीचा अर्ध्या तासाचा विसावा न चुकता. हा ब्रेड मैद्याच्या ब्रेडइतका हलका होत नाही, होणारही नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणे त्या पिठावर अन्याय करणारे आहे. पण त्याचा काप वाकतो, तुटत नाही, आणि वर घरचे लोणी लावले तर बाजारच्या ‘ब्राउन ब्रेड’ची आठवण येत नाही. चक्कीवाल्या भैयाला पीठ बारीक हवे हे मात्र आधीच सांगावे, आणि बाफल्यांच्या जाड दळणानंतर लगेच आपला गहू टाकू देऊ नये, कारण दगडांत राहिलेला भरडा आपल्या डब्यात येतो.

मशीन म्हणून पाहिले तर त्याचे मळणे निर्दोष आहे, आणि नुसत्या कणकेचा कार्यक्रम मला सर्वांत अधिक उपयोगी पडतो. त्यावर मळून, फुगवून घेतलेल्या कणकेचे पाव हाताने वळून ओव्हनमध्ये भाजले तर ते मशिनमधल्या ब्रेडपेक्षा सरस होतात. भाजणे मात्र मध्यमच आहे: उष्णता खालून आणि बाजूंनी येत असल्याने कडा आणि तळ खरपूस होतात आणि वरची बाजू फिकट राहते. ‘गडद’ हा पर्याय निवडला तर तळ जाड होतो. ब्रेड उभट निघत असल्याने काप बाजारच्या टोस्टरमध्ये बसत नाहीत, आणि तळाला पात्याचे भोक पडते. शेवटचे मळणे संपल्यावर ओल्या हाताने पाते काढून घेतले तर भोक लहान राहते. मळताना आवाज बराच होतो, त्यामुळे वेळ लावून पहाटे मळणे सुरू होणार असेल तर झोपण्याच्या खोलीजवळ ठेवू नये.

दोन-तीन माणसांच्या घरात, ज्यांना आठवड्यातून दोन-तीनदा ब्रेड लागतो आणि त्यात काय घातले आहे हे ज्यांना ठाऊक हवे आहे, त्यांनी हे मशीन जरूर घ्यावे. बटण दाबले की काम झाले, अशी ज्यांची अपेक्षा आहे त्यांनी घेऊ नये. घेताना झाकणाला काच असलेले आणि मळणे, फुगणे, भाजणे यांच्या वेळा स्वतः ठरवू देणारे मॉडेल पाहावे. आमच्यात ती सोय नाही आणि हिवाळ्यात तिची उणीव जाणवते. पाते आणि भांडे यांच्यावरचा न चिकटणारा लेप वापराने झिजतो, म्हणून सुटे पाते, भांडे आणि भांड्याखालचे रबरी सील इंदुरात मिळेल की बाहेरून मागवावे लागेल, आणि त्याला किती दिवस लागतील, हे दुकानदाराकडून पैसे देण्याआधी लिहून घ्यावे.